८१ सामन्यांनंतर काय खरे मानावे?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेर सुरू झालेला हा रगाडा सप्टेंबरच्या शेवटी थांबतो. मध्ये आठवड्याला सहा सामने, कधी सातही. जून सरता सरता ८१ सामने झालेले असतात आणि तीसही संघांचे चाहते एकाच कामाला लागतात. आपले पिचिंग टिकेल का, फलंदाजी सुधारेल का, ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये आपण असू का? चर्चा तावातावाने होते, पण बहुतेकांचा पुरावा गेल्या दहा दिवसांतला असतो. परवा बुलपेनने, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या बदली पिचरांनी, हातातला सामना घालवला म्हणून सगळे बुलपेन टाकाऊ ठरते, आणि काल एका पोराने दोन होम रन मारले म्हणून तो उद्याचा तारा ठरतो.

अर्ध्या हंगामाचे मूल्यमापन करताना विचारण्याजोगा प्रश्न खरे तर एकच आहे: जे घडले त्यातले पुन्हा घडण्याजोगे किती, आणि नुसते घडून गेलेले किती? गुणतक्ता या दोहोंत भेद करत नाही. त्याच्या लेखी अकरा धावांनी मिळवलेला विजय आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सुटल्यामुळे मिळालेला विजय सारखेच. हा भेद करण्याची साधने मात्र आता उपलब्ध आहेत आणि ती वापरायला गणिताची पदवी लागत नाही.

योगायोगाचा आकार

समजा, एखादा संघ अगदी मध्यम आहे. कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता निम्मी. ८१ सामन्यांत त्याने चाळीस-एक्केचाळीस जिंकावेत अशी अपेक्षा. पण संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे या आकड्याचे प्रमाण विचलन साडेचार विजयांचे येते. म्हणजे तीनपैकी सुमारे दोन वेळा हा संघ ३६ ते ४५ विजयांच्या दरम्यान कुठेतरी सापडेल, आणि तिसऱ्या वेळी त्याही पलीकडे. ४५ विजय आणि ३६ पराभव असतील तर शहरात टोप्या-जर्सी खपतात. ३६ विजय आणि ४५ पराभव असतील तर मॅनेजरला हाकला अशी मागणी होते. दोन्ही वेळा संघ तोच असू शकतो.

म्हणून गुणतक्त्यानंतर लगेच पाहायची गोष्ट म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक. बिल जेम्स या अभ्यासकाने त्यासाठी एक सूत्र मांडले: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. उत्तर येते ते विजयांचे अपेक्षित प्रमाण. ढोबळ हिशेबाने दहा धावा म्हणजे एक विजय. क्रिकेटमध्ये नेट रनरेट गुणांची बरोबरी सोडवायला उपयोगी पडतो. बेसबॉलच्या नियमांत धावांच्या फरकाला कसलाही अधिकार नाही, पण पुढचे अंदाज बांधायला तो विजय-पराभवांच्या नोंदीपेक्षा भरवशाचा आहे.

सिअ‍ॅटल मरिनर्सचा २०१८चा हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. एका धावेने सुटणारे सामने हा संघ पाठोपाठ जिंकत होता. त्याचा क्लोजर, म्हणजे आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर, एडविन दियाझ याने त्या हंगामात ५७ सामने राखले. जूनमध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्स त्यांच्या बरेच मागे होते आणि सिअ‍ॅटलचे लोक २००१नंतरच्या पहिल्या प्लेऑफची स्वप्ने पाहत होते. शेवटी ओकलंडने ९७ सामने जिंकले, सिअ‍ॅटलने ८९, आणि सिअ‍ॅटल बाहेर राहिले. त्या वर्षी त्यांनी ६७७ धावा केल्या होत्या आणि ७११ दिल्या होत्या. सूत्राप्रमाणे हा ७७ विजयांचा संघ होता. एका धावेचे ५७ सामने त्यांनी खेळले, त्यांपैकी ३६ जिंकले. जास्तीचे बारा विजय मुख्यतः तिथून आले. उत्तम क्लोजरचा त्यात वाटा असतो, पण चाहते मानतात तेवढा नसतो.

इथे एक चूक टाळायला हवी. नशिबाने मिळालेले विजय पुढे परत द्यावे लागत नाहीत. 'आता सरासरी भरून निघेल' या समजुतीत दडलेला तर्कदोष जुगाऱ्यांना चांगला ठाऊक असतो, ठाऊक असूनही ते त्यालाच बळी पडतात. खरा हिशेब असा: जिंकलेले सामने खात्यात जमा, आणि उरलेल्या ८१ सामन्यांसाठी संघाची खरी ताकद. बाल्टिमोर ओरिओल्सचा २०१२चा हंगाम याचे उदाहरण. पूर्वार्धात त्यांच्या धावांचा फरक उणे होता, तरी विजय निम्म्याहून जास्त होते. जाणकार म्हणत होते, हे कोसळणार. कोसळले नाहीत. हंगाम ९३ विजयांवर संपला. एका धावेच्या सामन्यांत २९ विजय आणि फक्त ९ पराभव. पण केवळ दैवाची कृपा असेही म्हणता येत नाही, कारण उत्तरार्धातला संघ पूर्वार्धातला राहिला नव्हता. ऑगस्टमध्ये वीस वर्षांच्या मॅनी मचाडोला बोलावून तिसऱ्या बेसवर उभे केले गेले; ख्रिस टिलमन आणि मिगेल गोन्झालेझ हे पिचर पूर्वार्ध उलटत असताना संघात स्थिरावले. वर्षअखेर फरक अधिक सात धावांवर आला. तेवढ्यावर सूत्र ८२ विजय देते, म्हणजे उरलेले अकरा विजय दैवाचेच. पुढच्या वर्षी बव्हंशी त्याच खेळाडूंनी एका धावेचे ३१ सामने गमावले आणि २० जिंकले.

पिचिंग

पिचरचे मोजमाप लोक ईआरएने करतात: क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे त्याने किती धावा दिल्या. आकडा खरा असतो, पण त्यात तिघांची कमाई मिसळलेली असते. पिचरची, त्याच्या मागे उभ्या असलेल्या सात क्षेत्ररक्षकांची आणि दैवाची. व्होरोस मॅक्रॅकन याने २००१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षाने बेसबॉलच्या जगात खळबळ उडाली. त्याचे म्हणणे असे: स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन या गोष्टी पिचर बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो, मैदानात पडलेला चेंडू हिट ठरेल की झेलला जाईल, यावर त्याची सत्ता फारच थोडी. असे साधारण तीस टक्के चेंडू हिट होतात. जूनअखेर एखाद्या पिचरचे हे प्रमाण पंचवीस टक्के दिसत असेल तर त्याच्या ईआरएचे कौतुक जपून करावे. पस्तीस असेल तर त्याला लगेच बाहेर बसवू नये. पुढे या म्हणण्याला मुरड घातली गेली. जमिनीलगत चेंडू मारायला लावणारे, फलंदाजाचा फटका कमजोर करणारे पिचर असतात हे मान्य झाले. मूळ गाभा शाबूत आहे.

याच विचारातून एफआयपी नावाचा आकडा आला. होम रनला तेरा गुण, वॉक आणि अंगावर मारलेल्या चेंडूला तीन-तीन, स्ट्राइकआउटला उणे दोन. बेरजेला इनिंगने भागायचे आणि ईआरएशी तुलना व्हावी म्हणून तीनच्या आसपासचा एक स्थिरांक मिळवायचा. अर्ध्या हंगामात ईआरए आणि एफआयपी यांत एका धावेहून मोठी तफावत असेल, तर उत्तरार्धात ईआरए एफआयपीच्या दिशेने सरकण्याची शक्यता अधिक.

तरी आकडे सगळे सांगत नाहीत, आणि पिचिंगच्या बाबतीत तर मुळीच नाही. पिचरचा हात ही झिजणारी वस्तू आहे. २०२१ मध्ये न्यू यॉर्क मेट्स आपल्या विभागात आघाडीवर होते, त्याचा मोठा आधार जेकब डिग्रॉम. १५ सामन्यांत ९२ इनिंग, १४६ स्ट्राइकआउट, ईआरए १.०८. यात दैवाचा भाग जवळजवळ नव्हता, निखळ कौशल्य होते. ७ जुलैनंतर तो त्या हंगामात एकदाही माउंडवर आला नाही, आणि मेट्सचा शेवट ७७ विजय, ८५ पराभवांवर झाला. २०२५ मध्ये तर १२ जूनला मेट्सची नोंद ४५ विजय आणि २४ पराभव अशी होती, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वोत्तम. त्यांच्या सुरुवातीच्या पिचरांचा (स्टार्टरांचा) ईआरए तेव्हा वाखाणला जात होता. त्याच दिवशी कोडाई सेंगाचा पायाचा स्नायू दुखावला. टायलर मेगिल आणि ग्रिफिन कॅनिंगही महिना संपायच्या आत जायबंदी झाले. उरलेल्या ९३ सामन्यांत संघाने ३८ जिंकले आणि प्लेऑफ हुकले. मेट्सच्या चाहत्याला जूनमध्ये आनंदी पाहिले की जुन्या मंडळींना धास्ती वाटते, ती उगाच नव्हे.

तेव्हा पिचिंगचे परीक्षण करताना 'आपले पाच स्टार्टर किती चांगले' याच्याइतकाच 'सहावा, सातवा, आठवा कोण' हा प्रश्न महत्त्वाचा. सहसा कोणत्याही संघाचे पाच स्टार्टर १६२ सामने पुरत नाहीत. ज्या संघाच्या ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवरच्या, शाखेत दोन कामचलाऊ हात तयार आहेत, त्याची जुलैमधली तिसऱ्या क्रमांकाची जागा दुसऱ्या कुणाच्या पहिल्या क्रमांकापेक्षा सुरक्षित असू शकते.

बुलपेनबद्दल चाहते सर्वांत जास्त ओरडतात आणि त्यांचा अंदाज तिथेच सर्वांत जास्त चुकतो. कारण साधे आहे. स्टार्टरनंतर येणारा रिलीव्हर अर्ध्या हंगामात तीस-पस्तीस इनिंग टाकतो. दोन वाईट संध्याकाळी त्याचा ईआरए दीड धावेने वर जातो. इतक्या लहान नमुन्यावरून माणसाची पारख होत नाही. पण संपूर्ण बुलपेन खरोखरच वाईट असले तर? वॉशिंग्टन नॅशनल्सचे २०१९चे बुलपेन वाईटच होते. त्याचा ईआरए ५.६६, नॅशनल लीगमध्ये शेवटचा. २३ मे रोजी संघाची नोंद १९ विजय आणि ३१ पराभव. तिथून त्यांनी ९३पर्यंत मजल मारली, वाइल्ड कार्डने प्लेऑफ गाठला आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. मॅक्स शेर्झर, स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन ही त्यांची भिंत. नियमित हंगामात रोज सामना असतो, त्यामुळे कमकुवत बुलपेन लपवता येत नाही. ऑक्टोबरमध्ये मधले सुटीचे दिवस मिळतात आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. स्टार्टरांनाच तो मधल्या इनिंगमध्ये आणत गेला. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात विजय नोंदला गेला तो रिलीव्हर म्हणून आलेल्या कॉर्बिनच्या नावावर, आणि शेवटचा स्ट्राइकआउट घेतला ३१ जुलैला अदलाबदलीत आणलेल्या डॅनियल हडसनने. प्लेऑफ गाठायला लागणारे पिचिंग आणि प्लेऑफ जिंकायला लागणारे पिचिंग यांत फरक आहे. पहिल्यासाठी खोली लागते, दुसऱ्यासाठी तीन घोडे.

फलंदाजी

फलंदाजीचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. फलंदाज रोज खेळतो, त्याचे आकडे लवकर स्थिर होतात आणि त्याचा खांदा पिचरसारखा फाटत नाही. मात्र कोणता आकडा लवकर स्थिर होतो हे माहीत असावे लागते. रसेल कार्लटन यांच्या अभ्यासानुसार फलंदाजाचे स्ट्राइकआउटचे प्रमाण साठेक वेळा बॅटिंगला आल्यावर अर्थपूर्ण होऊ लागते, वॉकचे साधारण १२०नंतर, होम रनचे १७०च्या आसपास. सर्वांत उशिरा स्थिर होते ती मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी. तिला पूर्ण हंगामही अपुरा पडतो. आणि नेमकी तीच बॅटिंग सरासरीत सर्वांत जास्त मिसळलेली असते. दूरदर्शनच्या पडद्यावर फलंदाजाच्या नावाशेजारी मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा म्हणूनच सर्वांत कमी बोलका. जुलैमध्ये फलंदाजाकडे पाहायचे तर तो बेसवर किती वेळा पोचतो, फटक्यात किती जोर आहे आणि स्ट्राइकआउटचे प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा वाढले आहे का, हे पाहावे.

उदाहरणार्थ, अटलांटा ब्रेव्ह्जचा फ्रेडी फ्रीमन हा २०२०चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत त्याची सरासरी त्याच्या पातळीच्या कितीतरी खाली होती. 'संपला' म्हणणारेही निघाले. चेंडू जोराने लागत होते, थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात जात होते. हंगाम संपताना त्याची सरासरी होती .३०० आणि होम रन ३१.

मैदान आणि हवामान विसरू नये. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, कर्व्हबॉल कमी वळतो, त्यामुळे कोलोराडो रॉकीजच्या फलंदाजांचे घरचे आकडे सोलून वाचावे लागतात. उन्हाळ्यात हवा तापते तसे सगळीकडेच फटके लांबतात. एप्रिलच्या थंडीत मंदावलेली फलंदाजी जुलैमध्ये 'सापडली' असे वाटते, त्यात काही भाग निव्वळ तापमानाचा.

आशेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन विभागविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वोत्तम. नॅशनल लीगमधले शेवटचे तिकीट २०२२ मध्ये ८७ विजयांना मिळाले, २०२३ मध्ये ८४, २०२४ मध्ये ८९ आणि २०२५ मध्ये ८३. जूनअखेर ४१ विजय आणि ४० पराभव असलेल्या संघाला ८७पर्यंत जायला उरलेल्या ८१ पैकी ४६ जिंकावे लागतात. ही अशक्य गोष्ट नाही. खरोखर मध्यम असलेला संघसुद्धा इतकी मजल साधारण सातांत एकदा मारतो. 'आता काही राम राहिला नाही' हे वाक्य म्हणून ऑगस्टच्या मध्यापूर्वी फारसे कुणाला शोभत नाही.

आशा डोळस असावी यासाठी अटलांटाचा २०२१चा हंगाम तपशिलात पाहण्यासारखा आहे. जुलैच्या मध्यातल्या ऑल-स्टार विश्रांतीला त्यांची नोंद होती ४४ विजय, ४५ पराभव. माइक सोरोकाची टाच पुन्हा गेली होती. मार्सेल ओझुना संघाबाहेर होता, कॅचर ट्रॅव्हिस डार्नो अंगठ्याच्या दुखापतीने घरी होता आणि १० जुलैला संघाचा सर्वांत मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या याचा गुडघा फाटला. वर्तमानपत्रे आणि चाहते यांनी हंगामाचे तेरावे घातले होते. पण आपल्या पद्धतीने तपासले तर चित्र वेगळे होते. धावांचा फरक अधिक होता. इनफील्डमधले चौघे, म्हणजे फ्रीमन, ओझी अल्बीज, डॅन्स्बी स्वॉन्सन आणि ऑस्टिन रायली, रोज खेळत होते. मॅक्स फ्रीडचा ईआरए पूर्वार्धात चारच्या वर गेला होता खरा, पण तो मुळात तसा पिचर नव्हे. उत्तरार्धात तोच आकडा दोनच्या आत आला. भोक एकाच ठिकाणी होते, आउटफील्डमध्ये. आणि पुढे धावणारे मेट्स डिग्रॉमशिवाय फार दूर जाणार नव्हते.

संघाचे सूत्रधार अ‍ॅलेक्स अँथोपुलोस यांनी हेच वाचले. जुलैत जॉक पीडरसन, होर्हे सोलेर, अ‍ॅडम डुवाल आणि एडी रोसारियो असे चार आउटफील्डर आणले. एकही तेजीतला खेळाडू नव्हता, म्हणूनच स्वस्तात मिळाले. रोसारियो तर जखमी होता; त्याच्या बदल्यात दिलेल्या पाब्लो सांडोव्हालला क्लीव्हलंडने लगेच मोकळे केले. ६ ऑगस्टला अटलांटाचे विजय हंगामात पहिल्यांदा पराभवांपेक्षा जास्त झाले. शेवट ८८ विजय, ७३ पराभव, ७९० धावा केल्या, ६५६ दिल्या. म्हणजे सूत्राच्या हिशेबाने हा ९५ विजयांचा संघ सबंध वर्ष आपल्या ताकदीपेक्षा खालीच खेळला. प्लेऑफमधल्या सर्व संघांत त्याचे विजय सर्वांत कमी होते. त्याने १०६ विजयांच्या डॉजर्सना हरवले तेव्हा रोसारियो मालिकावीर, आणि वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा सोलेर.

जुलैअखेरची खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत हा म्हणूनच आशेच्या हिशेबातला सर्वांत मोठा चल आहे. विकणारा संघ संपला असेही नाही. डेट्रॉइट टायगर्सने २०२४ मध्ये मुदतीपूर्वी स्टार्टर जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना देऊन टाकला. १० ऑगस्टला नोंद ५५ विजय, ६३ पराभव, आणि संगणकी अंदाजात प्लेऑफची शक्यता ०.२ टक्के. तिथून ३१ विजय आणि १३ पराभव करून ते आत गेले. टारिक स्कूबल सोडला तर ठरलेला स्टार्टर जवळजवळ नव्हता, मॅनेजर ए. जे. हिंच रोज पाच-सहा रिलीव्हरांवर सामना काढत होता. अंदाज चुकला म्हणावे का? ०.२ टक्के म्हणजे पाचशेत एक, शून्य नव्हे. इतक्या संघांच्या इतक्या हंगामांत असा एखादा निघणारच. तो आपलाच संघ असेल असे धरून चालणे मात्र वेगळे.

शेवटी नियमाची एक बारीक गोष्ट, जिच्याकडे जूनमध्ये कुणाचे लक्ष नसते. पूर्वी बरोबरी झाली की १६३वा सामना खेळवत. २०२२ पासून तो बंद झाला. आता आधी परस्पर सामन्यांची नोंद पाहतात. २०२४ मध्ये मेट्स, अटलांटा आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स तिघांचेही ८९ विजय आणि ७३ पराभव झाले. अ‍ॅरिझोनाने ८८६ धावा केल्या होत्या, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. पिचिंग मात्र खालच्या पट्ट्यातले होते. परस्पर सामन्यांत दोघांच्याही मागे असल्याने अ‍ॅरिझोना बाहेर राहिले. आदल्याच वर्षी ८४ विजय आणि उणे १५ धावांचा फरक घेऊन हाच संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला होता.